हौशी : एका शब्दाचा प्रवास

जत्रेला तीन प्रकारची माणसे जमतात, असे मराठीत पूर्वापार म्हटले जाते : हौशे, नवशे आणि गवशे. पाळण्यात बसायला, कुस्त्या पाहायला, गोडीशेव आणि रेवड्या खायला येतात ते हौशे. बोललेला नवस फेडायला येतात ते नवशे. गर्दीत काही हाती लागते का, कोणाच्या पदराची गाठ सैल झाली आहे का, हे पाहत हिंडतात ते गवशे. गावगाड्यातील माणसांच्या निरीक्षणशक्तीची ही त्रयी उत्तम साक्ष आहे. पुढे ती जत्रेच्या बाहेर पडली. निवडणुकीत अर्ज भरणाऱ्यांची झुंबड, पावसाळ्यात गडावर चढणारे तांडे, कविसंमेलनातील लांबलचक यादी, असे काहीही दिसले की वर्तमानपत्रे हे तिन्ही शब्द एका दमात वापरतात. त्यांतील भेद तेथे पुसला जातो आणि ‘कामाची नसलेली गर्दी’ एवढाच अर्थ शिल्लक राहतो.

वास्तविक या तिघांची कुळे अगदी वेगळी आहेत. सर्वांत बदनाम झालेला गवशा हा कुळाने सर्वांत प्रतिष्ठित आहे. ‘गवसणे’ हे क्रियापद संस्कृत ‘गवेष्’ या धातूपासून आले. हरवलेल्या गाई शोधणे हा त्याचा मूळ अर्थ असे व्युत्पत्तिकार सांगतात. पालीत तोच धातू ‘गवेसति’ या रूपात आढळतो. धम्मपदात देहरूपी घर बांधणाऱ्याचा जन्मोजन्मी शोध घेणाऱ्याच्या तोंडी हेच क्रियापद आहे. ‘गवेषणा’ म्हणजे संशोधन. म्हणजे जत्रेतला गवशा आणि विद्यापीठातला संशोधक हे शब्दाच्या नात्याने सख्खे भाऊ ठरतात. मराठीत आणखी एक गंमत झाली : ‘शोधणे’ या अर्थाचा शब्द ‘सापडणे’ या अर्थाला आला. शोधणाऱ्याला काही तरी सापडतेच, असा मराठी माणसाचा विश्वास असावा.

या लेखाचा विषय मात्र पहिला शब्द आहे. हौशा, हौशी, हौस. आज आपण ‘हौशी नाट्यसंस्था’, ‘हौशी छायाचित्रकार’, ‘हौशी खगोलनिरीक्षक’ असे म्हणतो तेव्हा पोटासाठी नव्हे तर आवडीसाठी एखादी गोष्ट करणारा माणूस आपल्याला अभिप्रेत असतो. हा शब्द कधी कौतुकाने येतो, कधी नाक मुरडून. ‘हौशी कलावंत’ हे कौतुक आहे. ‘काम जरा हौशीच झाले’ ही टीका आहे. एकाच शब्दाला हे दोन चेहरे कसे आले, आणि तो कोणाला लावला गेला व कोणाला कधीच लावला गेला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

‘हौस’ हा शब्द मूळचा अरबी ‘हवस’. अरबीत त्याचा अर्थ वेड, झपाटलेपण. फारसीत तो तीव्र इच्छा, लहर, वासना या अर्थांनी रुळला. बहामनी राजवटीपासून मराठी मुलखाच्या कारभारात फारसीचा जो शिरकाव झाला, त्यातून शेकडो शब्द आपल्या घरात आले. त्यांच्याबरोबर हाही आला. उच्चारात ‘हवस’चे ‘हौस’ झाले. ‘चवथा’ आणि ‘चौथा’, ‘चवदा’ आणि ‘चौदा’ ही जोडरूपे आपण आजही ऐकतो. तोच हा बदल. हिंदी-उर्दूत तो ‘हवस’ असाच राहिला आणि त्याचा अर्थ अधिकाधिक काळा होत गेला : सत्तेची हवस, पैशाची हवस, देहाची हवस. चारचौघांत कोणी आपल्या मुलीला ‘हवस’ म्हणून हाक मारील, ही कल्पनाही हिंदी भाषकाला सहन होणार नाही.

आणि मराठीत? मराठीत हौसा, हौसाबाई, हौसाक्का ही खेड्यापाड्यांतील लेकींची नावे आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील यांची कन्या, प्रतिसरकारच्या लढ्यात भूमिगतांसाठी काम केलेल्या हौसाबाई पाटील, २०२१ मध्ये निवर्तल्या. त्यांच्या नावात तोच अरबी शब्द आहे, पण त्यावरचा सगळा काजळ मराठीने धुऊन काढला आहे. पुरुषांतही हौशीराम आढळतात. परकीय शब्दाला देशी नावाचा मान मिळावा आणि त्याच्या जुन्या अर्थाची कोणाला आठवणही राहू नये, याची इतकी चांगली उदाहरणे फार नाहीत.

हौसेभोवतीचे वाक्प्रचार पाहिले तर मराठी माणसाने या शब्दात काय ओतले हे कळते. हौस भागते. तहान भागते, भूक भागते, तशी हौसही भागते. म्हणजे ती देहाच्या गरजांच्या पंगतीत बसवलेली आहे. हौस पुरवावी लागते. म्हणजे पुरवणारा कोणी तरी हवा. हौस फिटते, आणि अती झाली की जिरते. ‘हौसमौज’ या जोडशब्दातील ‘मौज’ही अरबीच असून तिचा मूळ अर्थ पाण्याची लाट असा आहे. आणि सर्वांत अर्थपूर्ण म्हणजे ‘हौसेला मोल नाही’ ही म्हण. तिचा रूढ अर्थ असा की, हौसेपुढे खर्चाचा हिशेब करू नये. पण तेच शब्द दुसऱ्या बाजूनेही वाचता येतात : हौसेने केलेल्या कामाचे मोल कोणी देत नाही. हा दुसरा अर्थ म्हण रचणाऱ्याच्या मनात नसेलही. आधुनिक काळात मात्र ‘हौशी’ शब्दाची सगळी कथा याच दुसऱ्या अर्थाभोवती फिरते.

त्याआधी हौसेच्या शेजाऱ्यांना ओझरते भेटून घेऊ. ‘शौक’ हाही अरबी; मराठीत तो षोक होऊन थोडा श्रीमंत आणि थोडा बिघडलेला झाला. ‘नाद’ म्हणजे मूळचा ध्वनी; पण मराठीत माणसाला नाद लागतो आणि मग तो घरदार विसरतो. ‘छंद’ हा मात्र आपल्या विशेष जिव्हाळ्याचा. पाली ‘छन्द’ म्हणजे इच्छा, करण्याची उर्मी. बौद्ध विचाराने या शब्दाला सरसकट दोषी ठरवले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ‘कामच्छन्द’ हे चित्ताच्या पाच नीवरणांतील, म्हणजे अडथळ्यांतील, पहिले. परंतु चार इद्धिपादांतही पहिले स्थान छन्दालाच आहे, त्यानंतर विरिय, चित्त आणि वीमंसा. म्हणजे कोणत्याही सिद्धीचा आरंभ करावेसे वाटण्यातून होतो. विनयात तर ‘छन्द’ हा शब्द संमती या अर्थाने येतो : आजारी भिक्खूला संघाच्या सभेला येता आले नाही तर तो आपला छन्द दुसऱ्या भिक्खूमार्फत कळवतो. इच्छा आणि संमती यांसाठी एकच शब्द असावा हे मला नेहमी मोलाचे वाटत आले आहे. ज्याच्या संमतीला किंमत नाही त्याला छंद कसा असेल?

हाच प्रश्न हौसेलाही विचारावा लागतो.

आजचा ‘हौशी’ हा पारिभाषिक शब्द आपण इंग्रजी ‘अमॅच्युअर’साठी वापरतो. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘अमातोर’, म्हणजे प्रेम करणारा. त्याचाच इटालियन नातलग ‘डिलेटान्टे’, म्हणजे आनंद घेणारा. १७३४ च्या सुमारास लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ डिलेटान्टी’ या नावाची मंडळी एकत्र आली; इटलीची सफर करून आलेल्या उमरावांचा तो क्लब होता आणि प्राचीन ग्रीस-रोमच्या अवशेषांच्या अभ्यासाला त्यांनी पैसा पुरवला. त्या काळी हे दोन्ही शब्द मानाचे होते. कला किंवा विद्या पोटासाठी करणे हे हलके, आणि आवडीसाठी करणे हे सभ्य गृहस्थाचे लक्षण. पोटाची चिंता ज्याला नाही त्यालाच असे वाटू शकते, हे उघड आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये खेळांच्या संस्था स्थापन होऊ लागल्या तेव्हा ‘हौशी कोण?’ हे नियमात लिहून काढण्याची वेळ आली. तोवर जे संस्कारांत होते ते कागदावर उतरले. टेम्स नदीवर १८३९ पासून भरणारी हेन्लेची नौकास्पर्धा प्रसिद्ध आहे. तिच्या व्यवस्थापकांनी १८७९ मध्ये हौशी नाविकाची व्याख्या केली. पैशासाठी स्पर्धेत उतरलेला माणूस हौशी नव्हे, हे तर तिच्यात होतेच. पण त्यापुढे असेही होते की, जो यंत्रकामगार, कारागीर किंवा मजूर म्हणून रोजगारावर काम करतो अथवा पूर्वी कधी करीत होता, तोही हौशी नव्हे. काही वर्षांत नौकानयन संघटनेच्या व्याख्येत ‘हलक्या चाकरी’तील माणसांचीही भर पडली. नीट वाचावे : त्याने वल्ही मारण्याचे पैसे घेतले आहेत की नाहीत हा प्रश्नच नाही. त्याने आयुष्यात कधी तरी हाताने काम करून मजुरी घेतली, एवढे पुरे. अंगमेहनतीने त्याचे स्नायू बळकट झालेले असतात, म्हणून स्पर्धा असमान होते, असे समर्थन केले जाई. श्रमाने येणारे बळ हा दोष, आणि फुरसतीने केलेल्या सरावाचे बळ हा गुण!

जन्माने ठरणारी अपात्रता, ‘हलके काम’ हा कलंक, आणि तो कलंक एकदा लागला की काम सोडल्यावरही न सुटणे. या गोष्टी आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इंग्लंडातील वर्गव्यवस्था आणि आपली जातिव्यवस्था एकच, असे मी म्हणणार नाही. तेथे मजुराचा मुलगा वकील झाला तर त्याला वल्ही मारता येत होती. परंतु दाराशी उभा असलेला पहारेकरी ओळखीचा वाटतो, एवढे खरे.

हा नियम सगळ्याच खेळांत टिकला नाही. १८८० मध्ये स्थापन झालेल्या हौशी ॲथलेटिक संघटनेने धावण्या-उड्यांच्या स्पर्धा कारागीर-मजुरांना खुल्या केल्या. हेन्लेने मात्र अर्धे शतक तो कवटाळून ठेवला. अमेरिकेचा जॉन केली तरुणपणी गवंडीकाम करीत असे. १९२० मध्ये हेन्लेच्या एकेरी स्पर्धेसाठी त्याने पाठवलेली प्रवेशिका नाकारली गेली. त्याच्या क्लबवर जुना आक्षेप होता, आणि त्याने हाताने काम केले होते हा दुसरा. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक जिंकले, आणि अंतिम शर्यतीत हरवले ते हेन्लेच्या त्या वर्षीच्या विजेत्याला. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाचा ऑलिंपिक चमू हेन्लेत उतरू शकला नाही, कारण ते नाविक पेशाने पोलीस होते. त्यानंतर, १९३७ मध्ये, कारागीर-मजुरांना वगळणारे ते कलम गेले. केलीच्या मुलाने १९४७ मध्ये तीच हेन्लेची स्पर्धा जिंकली.

क्रिकेटमध्ये मजुराला बंदी नव्हती; तेथे वेगळा बंदोबस्त होता. १८०६ पासून १९६२ पर्यंत इंग्लंडमध्ये ‘जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स’ असा सामना होत असे. जंटलमेन म्हणजे बिनपगारी हौशी, प्लेयर्स म्हणजे पगारी व्यावसायिक. एकाच संघात खेळतानाही दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, पुष्कळ मैदानांवर आत येण्याची फाटकेही निराळी. धावफलकाच्या छापील पत्रकावर हौशी खेळाडूच्या आडनावाआधी आद्याक्षरे, व्यावसायिकाच्या आडनावानंतर. एकदा लॉर्ड्सच्या मैदानावर ध्वनिक्षेपकावरून अशा एका चुकीची रीतसर दुरुस्ती जाहीर करण्यात आली, असा किस्सा क्रिकेटचे जाणकार सांगतात. गमतीची गोष्ट अशी की, त्या काळचा सर्वांत मोठा ‘हौशी’ डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस हा खर्चाच्या नावाखाली व्यावसायिकांहून कितीतरी अधिक कमाई करीत असे. तो डॉक्टर होता, म्हणून हौशी. ते खाणकामगाराचे पोर होते, म्हणून व्यावसायिक. विसाव्या शतकात इंग्लंडच्या संघाचे नेतृत्व पहिल्यांदा व्यावसायिक खेळाडूकडे गेले ते थेट १९५२ मध्ये, लेन हटन याच्याकडे.

हा खेळ इंग्रजांनी पुण्या-मुंबईला आणला तेव्हा त्याच्याबरोबर ही विभागणीही आली आणि इथल्या विभागणीवर बेमालूम बसली. पाळवणकर बाळू यांचे चरित्र या दृष्टीने वाचावे. चांभार कुटुंबात जन्मलेले, लष्करी नोकराचे पुत्र. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान लोटण्या-झाडण्याचे काम ते महिना तीन रुपयांवर करू लागले. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर. खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, जाळ्या उभारायच्या, रेषा आखायच्या, आणि साहेबांना सराव व्हावा म्हणून तासन्‌तास गोलंदाजी करायची. फलंदाजी मात्र त्यांना कोणी दिली नाही. फलंदाजी ही हौस होती. गोलंदाजी हे काम होते. जे. जी. ग्रेग हा इंग्रज फलंदाज आपल्याला बाद केल्याबद्दल दर वेळी आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. चार रुपये पगार आणि आठ आण्यांची बक्षिसी यांतून भारतातील पहिला थोर डावखुरा फिरकी गोलंदाज घडला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेणे भाग पडले. परंतु चहा मात्र त्यांना तंबूबाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात मिळे आणि जेवणाचे पान वेगळे असे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यानंतरही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही; ते १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. (१९३७ च्या निवडणुकीत बाळू हे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पराभूत झाले. ते राजकारण वेगळे. त्यामुळे मैदानावरचे त्यांचे कर्तृत्व उणे होत नाही, आणि आपणही ते उणे करू नये.) बाळूंना क्रिकेटची हौस होती काय? ज्याने रूळ ओढून झाल्यावर चेंडू हातात घेतला आणि त्याला वळण देण्याचे शास्त्र स्वतःच्या बोटांतून शोधले, त्याला हौस नव्हती असे कोण म्हणेल? पण त्याच्या हौसेला त्या शब्दाचा मान कोणी दिला नाही. तो मान इंग्लंडला संघाचा कर्णधार म्हणून गेलेल्या विजयनगरमच्या महाराजकुमारांसारख्यांना मिळाला. १९३६ च्या तीन कसोटींत त्यांच्या धावा झाल्या ३३.

मराठी रंगभूमीवर हाच पंक्तिभेद अधिक सौम्य रूपात आढळतो. १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तो पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेतर्फे. दिग्दर्शक जब्बार पटेल हे दौंडला व्यवसाय करणारे डॉक्टर, नाना फडणवीस साकारणारे मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. दिवसा दवाखाना आणि रात्री तालीम. ‘हौशी’ या शब्दाचे वैभव याहून मोठे कोणते? त्यांच्या कामगिरीबद्दल मला आदरच आहे. पण त्याच दशकात गावोगाव कनाती लावून रात्रभर उभे राहणारे तमाशाचे फड होते. विठाबाई नारायणगावकर यांनी प्रयोग चालू असताना मूल जन्मल्यावर पुन्हा बोर्डावर पाऊल ठेवले, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. अशा कलावतीला आपली भाषा ‘हौशी’ म्हणत नाही, हे नियमाला धरूनच आहे, कारण ती पोटासाठी नाचते. परंतु ‘व्यावसायिक’ हा भारदस्त शब्दही तिच्यासाठी चटकन सुचत नाही. तिच्यासाठी राखून ठेवलेला शब्द ‘धंदेवाईक’. नाटकाचा तो व्यवसाय, तमाशाचा तो धंदा.

आणि हलगी? गावात लग्न असो, मिरवणूक असो, पाटलाच्या बैलाचा सत्कार असो, हलगी-सनई वाजवणाऱ्याला यावेच लागे. त्याला मिळे ते बलुते किंवा बक्षीस. तो पैसे घेतो म्हणून हौशी नाही, आणि नकार देऊ शकत नाही म्हणून व्यावसायिकही नाही. दोन्ही शब्द ज्याच्या अंगाला बसत नाहीत असा हा कलावंत शतकानुशतके वाजवत राहिला. हौस निवडीतून जन्मते. जन्मानेच काम ठरलेले असेल तर त्या कामावरचे प्रेमसुद्धा कोणाच्या नजरेस पडत नाही. कित्येकदा ते त्याच्या स्वतःच्याही नजरेस पडत नाही. आज आमच्या वसतिगृहातील मुले संमेलनासाठी हलगी हौसेने शिकतात, तेव्हा काही पालकांच्या कपाळाला आठी पडते. ती आठी मी समजू शकतो. आजोबांनी जी सक्तीने वाजवली ती नातवाने आवडीने वाजवावी, यासाठी मध्ये एक पूर्ण पिढी हलगी खाली ठेवून उभी राहावी लागते.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा गाभा फुरसतीत पाहिला. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?’ या ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली, आणि तिचे कारण उत्पादन हे नव्हते. पशूचे आयुष्य देहाच्या गरजा भागवण्यात संपते. माणसाला संस्कृतीचे जीवन हवे, आणि त्यासाठी फुरसत हवी. ती सर्वांना मिळायची तर श्रम हलके करणारी यंत्रे हवीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. चरख्याकडे परत चला असे म्हणणे म्हणजे बहुसंख्यांनी राबावे आणि मूठभरांनी हौस करावी असे म्हणणे, हे त्यातून सरळ निघते. मजूरमंत्री या नात्याने त्यांनी याचा कायदाही केला. बाबासाहेबांनी कामाचे तास चौदावरून आठ केले, असे आपल्या कार्यक्रमांतून वारंवार सांगितले जाते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आकडे नेमके ठेवावेत : १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती, १९४६ च्या दुरुस्तीने ती ४८ तासांवर आली. आठवड्याला सहा तास. गिरणीच्या भोंग्यावर जगणाऱ्या माणसाला हे सहा तास म्हणजे पेटी शिकण्याचे, वाचनालयात बसण्याचे, आखाड्यात उतरण्याचे तास होते. स्वतः बाबासाहेबांनी आयुष्याच्या उत्तरार्धात व्हायोलिन शिकायला घेतले होते. ज्या माणसाला क्षणाची उसंत नव्हती त्याची ही हौस मला त्यांच्या पदव्यांइतकीच सांगण्यासारखी वाटते.

१९३० नंतरचे आंबेडकरी जलसे या संदर्भात कोठे बसतात? भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी गावोगाव, चाळीचाळींत जे उभे केले ते ना हौशी ना धंदेवाईक. दिवसभर अंगमेहनत करून आलेली माणसे रात्री ढोलकी कडकवत आणि पहाटे पुन्हा कामावर जात. जत्रेच्या त्रयीत ती बसत नाहीत : मौजेसाठी आलेली नव्हेत, नवस फेडायला तर नव्हेतच, आणि गवशांसारखी लाभाच्या शोधातही नव्हेत. त्यांच्यासाठी मराठीने चौथा शब्द घडवलेला नाही. हा शब्द घडण्यासारखा आहे.

हौशीपणाचा नियम गरिबाला दुसऱ्या बाजूनेही बोचत आला. ऑलिंपिकने हौशी असण्याची अट घातली तेव्हा आपण पैसा घेऊ नये एवढाच तिचा अर्थ सुखवस्तू खेळाडूला होता. गरीब खेळाडूला तिचा अर्थ ‘पदरचे घालून खेळा’ असा होई. अमेरिकेतील मूळ रहिवाशांपैकी असलेला जिम थॉर्प याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकले. पूर्वी बेसबॉल खेळून त्याने किरकोळ पैसे घेतले होते हे उघड होताच त्याची पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये ती संयुक्त विजेता म्हणून परत मिळाली, आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव २०२२ मध्ये लागले. तो स्वतः १९५३ मध्येच गेला होता. आपल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी गोळेश्वर आणि कराड परिसरातील लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्य खर्डीकरांनी सात हजार रुपयांसाठी आपले घर गहाण टाकले. हौशी म्हणून मैदानात उतरायला एका शिक्षकाचे घर लागले.

ऑलिंपिकच्या सनदेतून ‘हौशी’ हा शब्द १९७० च्या दशकात गेला. आपल्याकडे तो अजून नांदतो आहे. मातीत, लंगोट कसून, गल्लोगल्लीच्या गिरणी कामगारांनी वाढवलेल्या कबड्डीच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नावात ‘अमॅच्युअर’, म्हणजे हौशी, हा शब्द घातला. २०१४ पासून त्याच खेळाचे खेळाडू प्रो कबड्डीच्या लिलावात बोली लावून घेतले जातात. खेड्यातल्या मुलांना कबड्डीने घर बांधून दिले, याचा आनंद आहे. संघटनेच्या नावातला ‘हौशी’ मात्र कोणी खोडला नाही.